मूलद्रव्यांची घडण आणि फ्रेड हॉईल यांचे विश्वस्थितिशास्त्र

मूलद्रव्ये किती, त्यांचे गुणधर्म कोणते आणि ती परस्परांशी कोणत्या प्रमाणात संयोग पावतात, या प्रश्नांचा रसायनशास्त्राने दोन शतके कसून अभ्यास केला. परंतु ती मुळात आली कोठून, हा प्रश्न त्या शास्त्राच्या कक्षेत आला नाही. मेंडेलेव्ह यांच्या आवर्तसारणीत लोहाला जसे एक घर आहे तसेच सोन्यालाही आहे. पण निसर्गात लोह विपुल आणि सोने दुर्मिळ का, याविषयी सारणी मौन पाळते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम अखेरीस खगोलशास्त्रज्ञांकडे आले. त्यांत ज्या एका व्यक्तीचा वाटा सर्वांत मोठा मानावा लागतो, त्या फ्रेड हॉईल यांचे विश्वाच्या आरंभाविषयीचे मत मात्र बहुसंख्य शास्त्रज्ञांनी नाकारलेले आहे. एकाच बुद्धीतून निघालेल्या या दोन विचारांचा परस्परसंबंध काय, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मेघनाद साहा यांनी १९२० साली ताऱ्यांच्या वातावरणातील अणूंच्या आयनीभवनाचे सूत्र दिले. त्याच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ साली ताऱ्यांचे वर्णपट तपासले, आणि तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे बनलेले आहेत असा निष्कर्ष त्यांच्या हाती आला. तो इतका अनपेक्षित होता की तो सर्वमान्य होण्यास काही वर्षे जावी लागली. आज आपल्याला ठाऊक आहे की, वजनाच्या हिशेबाने विश्वातील सामान्य द्रव्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग हायड्रोजन आणि एक-चतुर्थांश हेलियम आहे. उरलेली सर्व मूलद्रव्ये मिळून दोन टक्क्यांच्या आसपास भरतात. या उरलेल्यांतही मोठी विषमता आहे. लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन ही हलकी असूनही अत्यल्प. कार्बन व ऑक्सिजन भरपूर. पुढे उतार लागतो, आणि लोहापाशी एकाएकी एक उंच शिखर दिसते. लोहाच्या पलीकडे प्रमाण झपाट्याने घटत जाते. असा चढउतार योगायोगाने पडत नाही. मूलद्रव्ये ज्या भट्टीत तयार झाली त्या भट्टीची खूण त्यात असली पाहिजे.

ही भट्टी कोणती? दोन अणुकेंद्रांवर सारखाच धनभार असल्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. त्यांचा संयोग व्हावयाचा तर कोट्यवधी अंश तापमान हवे. एवढी उष्णता असण्याची स्थाने दोनच संभवतात. एक, विश्वाचा आरंभ, जर त्याला तसा तप्त आरंभ असेल तर. आणि दुसरे, ताऱ्यांचे अंतरंग. पहिला पर्याय जॉर्ज गॅमॉव्ह यांनी उचलला. त्यांचे विद्यार्थी राल्फ अ‍ॅल्फर यांच्यासह १९४८ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, आरंभीच्या अतितप्त न्यूट्रॉनांच्या समुदायातून एकामागून एक न्यूट्रॉन पकडला जाऊन सर्व मूलद्रव्ये काही मिनिटांत तयार झाली. कल्पना सुटसुटीत होती, पण तिच्या वाटेत एक खड्डा होता. पाच अणुभाराचे एकही स्थिर अणुकेंद्र निसर्गात नाही, आणि आठ अणुभाराचेही नाही. एकेक पायरी चढत जाणाऱ्याला चारानंतरची पाचवी पायरीच नसावी, तशी ही अवस्था. हेलियमच्या पुढे गॅमॉव्ह यांचा जिना चढेना.

हॉईल यांनी दुसरा पर्याय घेतला होता, आणि तोही गॅमॉव्ह यांच्या आधी. त्यांचा जन्म २४ जून १९१५ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात बिंग्ली गावाजवळ, एका लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात गणिताचे शिक्षण झाल्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते ब्रिटिश नौदलाच्या रडार-संशोधनात होते. हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड हे पुढील काळातील त्यांचे दोघे सहविचारक त्यांना तेथेच लाभले. रडारच्या कामासाठी १९४४ साली अमेरिकेस जाण्याचा योग आला असता त्यांनी माउंट विल्सन वेधशाळेच्या वॉल्टर बाडे यांची भेट घेतली, आणि अतिदीप्त नवताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांविषयी त्यांच्याकडून ऐकले. त्याच प्रवासात प्लुटोनियमच्या बाँबसाठी द्रव्य बाहेरून आत दाबले जात असावे, असा तर्क त्यांच्या मनात आला, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ताराही स्वतःच्या भाराने आत कोसळला तर त्याच्या गाभ्यात काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर १९४६ सालच्या त्यांच्या निबंधात सापडते. सूर्याच्या केंद्रातील दीड कोटी अंश तापमान हायड्रोजनचे हेलियम करण्यास पुरते, पण त्यापुढे जाण्यास नाही. मोठ्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा आकुंचन पावतो आणि आकुंचनानेच अधिक तापतो. हे तापमान काही अब्ज अंशांवर पोहोचले म्हणजे अणुकेंद्रे सतत जुळत आणि तुटत राहतात; त्यांच्यात एक समतोल उत्पन्न होतो. अशा समतोलात ज्या अणुकेंद्रांची बांधणी सर्वांत घट्ट, त्यांची संख्या सर्वाधिक राहावयाची. आणि सर्वांत घट्ट बांधणीची अणुकेंद्रे म्हणजे लोह व त्याची शेजारी मूलद्रव्ये होत. लोहाच्या शिखराचे रहस्य असे उलगडले.

येथे एका प्रचलित समजुतीचे निराकरण करणे आवश्यक आहे. हॉईल यांना विश्वाचा आरंभ मान्य नव्हता, म्हणून त्यांना मूलद्रव्ये ताऱ्यांत शोधावी लागली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. सनावळी तसे सांगत नाही. ताऱ्यांविषयीचा निबंध १९४६ चा. स्थिरस्थिती सिद्धांत १९४८ चा. ताऱ्यांचा विचार आधी झाला, आणि विश्वाविषयीच्या मताने त्यास पुढे धार आणली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

स्थिरस्थिती सिद्धांताचे स्वरूप थोडक्यात असे. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे हबल यांच्या वेधांवरून सिद्ध झाले होते. या गतीवरून उलट गणित केले तर विश्वाचे वय त्या वेळी जेमतेम दोन अब्ज वर्षे निघत असे. पृथ्वीवरील खडक मात्र त्याहून जुने ठरत होते. आईपेक्षा मूल वयाने मोठे, असा हा प्रसंग. बाँडी आणि गोल्ड यांनी एका निबंधात व हॉईल यांनी दुसऱ्यात त्यावर जो तोडगा सुचविला तो असा, की विश्व प्रसरण पावत असले तरी त्याचे एकूण रूप सर्वकाळ सारखेच असते. दीर्घिका दूर गेल्याने पडणारी पोकळी नव्या द्रव्याने भरून निघते. त्यासाठी लागणारी निर्मिती अगदी अल्प, म्हणजे एका घनमीटरात काही अब्ज वर्षांत एखादा हायड्रोजनचा अणू इतकीच होती. २८ मार्च १९४९ रोजी ब्रिटिश नभोवाणीवरून भाषण करताना हॉईल यांनी प्रतिपक्षाच्या कल्पनेस ‘बिग बँग’, म्हणजे महास्फोट, असे नाव दिले. हे नाव टिकले, आणि नाव ठेवणाऱ्याचे मत मागे पडले. ते नाव टवाळीसाठी नव्हे, तर श्रोत्यांसमोर चित्र उभे राहावे म्हणून योजिले होते, असा खुलासा हॉईल यांनी पुढे केला. तो खरा न मानण्याचे कारण नाही.

आता मात्र माघार घेण्यास वाव उरला नाही. विश्वाला तप्त बालपण नसेल तर हायड्रोजनखेरीज प्रत्येक मूलद्रव्य ताऱ्यांतच तयार झाले पाहिजे. आणि गॅमॉव्ह यांना आडवा आलेला खड्डा ताऱ्यांच्याही वाटेत होताच. हेलियमपासून कार्बनकडे जावयाचे कसे? एडविन सॅल्पीटर यांनी १९५२ साली मार्ग दाखविला. हेलियमची दोन अणुकेंद्रे जुळून बेरिलियम-८ होते. त्याचे आयुष्य किती? सेकंदाचा एक कोटीवा भाग घ्यावा आणि त्याचे पुन्हा एक अब्ज भाग करावेत; त्यांतील एका भागाइतके. परंतु दहा कोटी अंश तापमानाच्या दाट हेलियमात असे बेरिलियम सतत मोडत असले तरी सतत तयारही होत असते, आणि त्याचा किंचितसा साठा नेहमी शिल्लक असतो. त्यावर तिसरे हेलियम येऊन आदळले की कार्बन तयार.

हॉईल यांनी हे गणित पुढे नेले तेव्हा त्यांना दिसले की, कार्बन या रीतीने फार मंद गतीने तयार होतो, आणि जो होतो त्यावर चौथे हेलियम आदळून त्याचा लगेच ऑक्सिजन बनतो. म्हणजे विश्वात कार्बन जवळजवळ उरूच नये. पण तो आहे, आणि विपुल आहे. तेव्हा पहिली क्रिया गणितात धरली होती त्याहून कितीतरी शीघ्र असली पाहिजे. हे एकाच प्रकारे शक्य होते. वाद्याची तार विशिष्ट स्वरालाच झंकारते, त्याप्रमाणे अणुकेंद्रही काही ठराविक ऊर्जापातळ्यांवरच सहज प्रतिसाद देते. यास अनुस्पंदन म्हणतात. बेरिलियम आणि हेलियम यांची एकत्रित ऊर्जा ७.३७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याच्या किंचित वर, सुमारे ७.७ च्या आसपास, कार्बनची एक पातळी असेल तरच संयोग झपाट्याने घडेल. अशी पातळी आहे, असे हॉईल यांनी केवळ कार्बनच्या विपुलतेवरून ठरविले.

१९५३ सालच्या प्रारंभी ते पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया तंत्रशास्त्र संस्थेत होते. तेथील केलॉग प्रयोगशाळेत विल्यम फाउलर यांच्याकडे जाऊन त्यांनी ही पातळी शोधून पाहण्याचा आग्रह धरला. जुन्या काही प्रयोगांत तिचा आभास झाला होता, नंतरच्या प्रयोगांत ती दिसली नव्हती. ताऱ्यांचा अभ्यासक अणुकेंद्राची ऊर्जापातळी सांगतो, हे ऐकून फाउलर साशंक झाले यात आश्चर्य नाही. तथापि वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोग मांडला. नायट्रोजनवर जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा मारा करून त्यातून कार्बन तयार केला, आणि बाहेर पडणाऱ्या कणांची ऊर्जा मोजली. पातळी ७.६८ वर सापडली. आजचे मान ७.६५ आहे. त्या पातळीवर पोहोचलेल्या सुमारे अडीच हजार कार्बन-केंद्रांपैकी एकच स्थिर होते, बाकीची पुन्हा मोडून हेलियम होतात. तरीही तेवढ्यावर विश्वातील कार्बनचा सारा हिशेब जुळतो. ऑक्सिजनमध्ये मात्र याच्या नेमके उलट घडते. त्याची जवळची पातळी ७.१२, आणि कार्बन व हेलियम यांची एकत्रित ऊर्जा ७.१६. पातळी किंचित खाली पडल्यामुळे अनुस्पंदन साधत नाही, आणि कार्बन सर्वस्वी ऑक्सिजनच्या पोटात जाण्यापासून वाचतो.

हे भाकीत मानवाच्या अस्तित्वावरून केले गेले, अशी जी कथा रूढ झाली आहे तिला १९५३ च्या लिखाणात आधार नाही. हॉईल यांचा तर्क ताऱ्यांतील कार्बनच्या प्रमाणापुरता होता. त्याचा जीवसृष्टीशी संबंध त्यांनी स्वतः आणि इतरांनी पुष्कळ नंतर जोडला. कथा आकर्षक असली तरी मूळ तर्काचे सौंदर्य तिच्यावाचून काही कमी होत नाही.

पुढील वाट मोकळी झाली. १९५४ साली हॉईल यांनी कार्बनपासून निकेलपर्यंतच्या मूलद्रव्यांची घडण मांडली. वृद्ध झालेल्या मोठ्या ताऱ्यात कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकात एक थर असतात. बाहेर हायड्रोजन, आत हेलियम, मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन आणि गाभ्यात लोह. सूर्याच्या पंचवीसपट वजनाच्या ताऱ्यात हायड्रोजन सुमारे सत्तर लक्ष वर्षे पुरतो, आणि अखेरच्या सिलिकॉनला अवघा एक दिवस लागतो. लोहापासून ऊर्जा मिळत नाही. गाभा कोसळतो, तारा फुटतो आणि त्याचे द्रव्य अंतराळात विखुरते. त्या द्रव्यातून नवे तारे आणि त्यांचे ग्रह घडतात. मूलद्रव्ये ताऱ्यांत आजही तयार होत आहेत, याचा प्रत्यक्ष पुरावा पॉल मेरिल यांनी १९५२ सालीच दिला होता. काही तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्णपटात त्यांना टेक्नेशियम आढळले. या मूलद्रव्याच्या सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचे अर्धायुष्यही सुमारे बेचाळीस लक्ष वर्षेच आहे. अर्थात ते त्या ताऱ्यांतच अलीकडे जन्मलेले असले पाहिजे.

१९५७ साली मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉईल या चौघांनी मिळून शंभराहून अधिक पृष्ठांचा निबंध प्रसिद्ध केला, आणि मूलद्रव्यांच्या घडणीच्या आठ प्रक्रिया त्यात सांगितल्या. लोहापलीकडची मूलद्रव्ये न्यूट्रॉन पकडून वाढतात. न्यूट्रॉन सावकाश मिळाले तर एक प्रकारची, क्षणार्धात पुष्कळ मिळाले तर दुसऱ्या प्रकारची. सोने आणि युरेनियम मुख्यतः दुसऱ्या वाटेने येतात. कॅनडात अ‍ॅलिस्टर कॅमरॉन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे जवळपास असेच निष्कर्ष काढले होते. त्यांचे नाव या संदर्भात अनेकदा गाळले जाते, हे योग्य नव्हे. चौघांच्या निबंधातील सर्वच गोष्टी टिकल्या असे नाही. नवताऱ्याच्या प्रकाशाचा ऱ्हास कॅलिफोर्नियममुळे होतो असे त्यांनी म्हटले होते. पुढे दिसून आले की तो निकेलपासून कोबाल्ट आणि कोबाल्टपासून लोह होण्याचा परिणाम आहे, आणि १९८७ साली दिसलेल्या नवताऱ्याने ते निश्चित केले. सोन्याची जलद प्रक्रिया कोठे घडते याचा पहिला स्पष्ट वेध १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत मिळाला. मात्र निबंधाचा सांगाडा तसाच उभा आहे.

निबंधातील एक प्रक्रिया लेखकांनी अज्ञात म्हणूनच नोंदवली होती. जड हायड्रोजन, लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन ही ताऱ्यांत तयार होण्याऐवजी जळून जातात. ती आली कोठून हे त्यांना सांगता आले नव्हते. आणि त्याहून बिकट प्रश्न हेलियमचा होता. तारे हेलियम करतात हे खरे, पण दीर्घिकांनी आजवर दिलेला सर्व प्रकाश जमेस धरला तरी तेवढ्या जळणातून दिसते त्याच्या अल्पांश हेलियमच निघते. १९६४ साली हॉईल यांनी रॉजर टेलर यांच्यासह हा प्रश्न हाती घेतला आणि, स्वतःच्या मताची पर्वा न करता, तप्त आरंभाचे गणित नव्याने मांडले. आरंभी प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे प्रमाण तापमानावर ठरते. संयोग सुरू होतो त्या सुमारास दर सात प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरतो. म्हणजे सोळा कणांत दोन न्यूट्रॉन. त्यांनी दोन प्रोटॉन घेऊन एक हेलियम केले की वजनाचा सोळापैकी चार भाग, म्हणजे नेमका चतुर्थांश, हेलियम झाला. न्यूट्रिनोंचे प्रकार अधिक असते तर हेलियमही अधिक निघाले असते, हेही त्यांनी दाखविले. विश्व एके काळी अतितप्त होते, किंवा मग प्रचंड वस्तुमानाच्या वस्तूंनी हे काम केले. तिसरा मार्ग नाही, असा त्यांचा निर्णय होता.

पुढच्याच वर्षी, १९६५ साली, पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी सारखे येणारे सूक्ष्मतरंग प्रारण सापडले. त्याआधीच मार्टिन राईल यांच्या रेडिओस्रोतांच्या मोजणीने स्थिरस्थिती सिद्धांत अडचणीत आणला होता. सिद्धांताचे मूळ रूप सोडावे लागेल, असे हॉईल यांनी त्याच वर्षी मान्यही केले. पण ते मत फार काळ टिकले नाही. इतके असूनही १९६७ साली रॉबर्ट वॅगनर आणि फाउलर यांच्यासह त्यांनी आरंभकालीन अणुकेंद्रीय क्रियांचे विस्तृत गणित प्रसिद्ध केले. जड हायड्रोजन आणि हेलियम यांच्या प्रमाणावरून महास्फोटाची परीक्षा घेण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिचा पाया याच गणिताने घातला. प्रतिपक्षाच्या हाती इतके चांगले शस्त्र स्वतः घडवून देणारा वादी विरळाच.

राईल यांच्याशी झालेल्या वादात हॉईल यांच्या बाजूने उभे राहिलेले तरुण संशोधक म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. १९६० पासून ते हॉईल यांचे शिष्य होते. गुरू-शिष्यांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. हॉईल यांनी १९७२ साली केंब्रिज सोडले, आणि त्याच वर्षी नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले; पुढे १९८८ साली पुण्यातील ‘आयुका’ त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. २०२५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

१९८३ साली मूलद्रव्यांच्या घडणीवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक फाउलर यांना देण्यात आले. चंद्रशेखर त्यांचे सहमानकरी होते. हॉईल यांचे नाव त्यात नव्हते. ताऱ्यांत मूलद्रव्ये घडतात ही मूळ कल्पना निश्चितपणे मांडण्याचे श्रेय १९४६ सालच्या हॉईल यांचे आहे, असे फाउलर यांनीच आपल्या आत्मवृत्तात नमूद करून ठेवले आहे. वगळण्याचे कारण निवडसमितीने सांगितले नाही. अंतराळातून जीवजंतू येतात यासारखी जी मते हॉईल यांनी उत्तरायुष्यात मांडली, त्यांनी त्यांची प्रतिष्ठा वाढवली नाही, एवढे खरे. १९९७ साली सॅल्पीटर यांच्यासह त्यांना क्राफर्ड पारितोषिक मिळाले.

विश्वाविषयीचे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांच्यासह १९९३ साली त्यांनी स्थिरस्थितीचे एक सुधारित रूप पुढे आणले. त्यात विश्व दीर्घ काळ प्रसरण पावत असतानाच मधूनमधून आकुंचन-प्रसरणाचे हेलकावे घेते. १९९८ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बर्बिज यांच्याबरोबर ते पुन्हा हेलियमच्याच प्रश्नाकडे वळले. विश्वातील सारे हेलियम ताऱ्यांत झाले असे धरले, तर त्यातून निघालेली एकूण ऊर्जा विश्वात समप्रमाणात पसरून तिचे तापमान पावणेतीन अंशांच्या जवळपास भरते. आणि सूक्ष्मतरंग प्रारणाचे मोजलेले तापमान २.७३ अंश आहे. हा योगायोग नव्हे, असा त्यांचा दावा होता. एवढा प्रकाश विखुरण्यासाठी लोहाच्या सूक्ष्म तंतूंची धूळ सर्वत्र पसरलेली असावी, असे त्यांनी सुचविले. जड हायड्रोजनचा उगम आणि प्रारणाची विलक्षण समानता यांचा उलगडा त्याने नीट होत नाही, म्हणून इतर अभ्यासकांनी हा मार्ग स्वीकारला नाही. २० ऑगस्ट २००१ रोजी बोर्नमथ येथे हॉईल यांचे निधन झाले.